दिंडीची शेपटी आणि घानाची घंटा

आषाढीच्या वाटेवर एखाद्या लांब दिंडीच्या अगदी शेवटच्या रांगेत चालून बघा. पुढे मृदंगाजवळचे टाळकरी 'विठ्ठल' म्हणतात आणि मागच्यांचा 'विठ्ठल' किंचित मागाहून येतो. मागची माणसं बेताल नसतात. त्यांच्यापर्यंत आवाजच उशिरा पोचतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मीटरला सुमारे ३० मिलिसेकंद, आणि तीस मीटर लांबीच्या दिंडीत ९० मिलिसेकंद. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) जुन्या टाळकऱ्यांना यावरचा उपाय ठाऊक असतो. मागे असलं की ते कानावर विसंबत नाहीत, पुढच्याच्या हातातल्या टाळाकडे बघतात. उजेड आवाजाच्या कितीतरी आधी पोचतो, त्यामुळे हात बघून टाळ मारला की मेळ बसतो.

मी गंगाखेडला मुलांना गाणं-वाजवणं शिकवतो. गेली काही वर्षं आमच्या वर्गात दूरदेशीचं संगीतही इंटरनेटवरून येतं: घानाचे ताल, इंडोनेशियाचं गामेलान, झिंबाब्वेची म्बिरा. हे शिकवताना काय जमतं, काय जमत नाही आणि का, हे मला पालक नेहमी विचारतात. बहुतेक उत्तरं या दिंडीच्या शेपटीत सापडतात.

माणसं एकत्र वाजवत असताना एकमेकांचा आवाज २५ ते ३० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर कुणाला काही जाणवत नाही. त्यापुढे गेलं की प्रत्येक जण दुसऱ्यासाठी नकळत थांबायला लागतो. दुसराही याच्यासाठी थांबतो. लय ढिली पडत जाते आणि शेवटी गाणं बसकण मारतं. आता साधा व्हिडिओ कॉल घ्या. त्यात १५० ते ३०० मिलिसेकंदांचा उशीर रोजचाच. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते. म्हणजे तुमची सम येते तेव्हा समोरच्याला दुसरी मात्राही लागून गेलेली असते. टाळकऱ्याची हात बघायची युक्ती इथे चालत नाही, कारण कॉलवर हातही उशिराच दिसतो.

हा उशीर येतो कुठून? लोकांना वाटतं, आपल्याकडे रेंज कमी म्हणून. थोडं खरं आहे, पण सगळं नाही. आवाज आधी मोबाईलमध्ये आकड्यांत बदलतो, मग दाबून लहान केला जातो, त्याचे पुडके बांधले जातात, ते दूरच्या सर्व्हरकडून फिरून येतात आणि पलीकडे सोडवले जातात. हे पुडके एका चालीने येत नाहीत. पंगतीत वाढप्यांचं जसं होतं, वरण आलं तर भात मागे राहतो, तसंच. पानं पूर्ण वाढून होईपर्यंत आपण 'वदनी कवळ' सुरू करत नाही, कारण मध्येच थांबावं लागू नये. कॉलचं सॉफ्टवेअरही अगदी हेच करतं. पुरेसे पुडके जमेपर्यंत आवाज रोखून धरतं आणि मग सलग ऐकवतं. बोलण्यासाठी ही व्यवस्था उत्तम. संगीतात ती रोखून धरलेली वेळच नडते.

यावर काम झालेलं आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगीत संशोधन केंद्रात ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी 'जॅकट्रिप' तयार केलं. 'जॅम्युलस' नावाचं असंच एक मोफत सॉफ्टवेअर आहे. दोन्हींत चित्राचा नाद सोडून फक्त आवाज, तोही कमीत कमी अडवून, पाठवला जातो. मात्र त्यासाठी संगणक वायफायऐवजी तारेने इंटरनेटला जोडावा लागतो, हेडफोन तारेचा लागतो आणि दोन्ही टोकं फार लांब असून चालत नाहीत. गंगाखेड आणि नांदेडमध्ये चांगलं फायबर असेल तर दोघं एकत्र भजन म्हणू शकतील, हे मला शक्यतेतलं वाटतं. पण घानाची राजधानी आक्रा इथून सरळ रेषेत सुमारे साडेआठ हजार किलोमीटर आहे. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे नुसत्या प्रकाशालाच एका दिशेने ४२ मिलिसेकंद लागणार, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. ३० ची मर्यादा तिथेच ओलांडली. कितीही महाग यंत्र आणा, निसर्गाचा हा नियम बदलत नाही. ज्या क्लासच्या जाहिरातीत 'जगभरातल्या कलाकारांसोबत एकाच वेळी वाजवा' असं लिहिलेलं असतं, तिथे पैसे भरण्याआधी एवढा एक हिशेब जरूर करावा.

मग दूरचा तास व्यर्थ? मुळीच नाही. एकत्र वाजवणं हा संगीत शिकवण्याचा एक प्रकार झाला. आपल्याकडे त्याहून जुना प्रकार आहे. गोंधळात मुख्य गोंधळी ओळ म्हणतो आणि झीलकरी ती उचलतो. गुरू तान घेतो, थांबतो, शिष्य तीच तान घेतो. यात दोन माणसं एका क्षणी गात नाहीत, पाळी-पाळीने गातात. शिष्याचं उत्तर पाव सेकंद उशिरा आलं तर गुरूला वाटतं, पोरगं जरा विचार करून गायलं. काही बिघडत नाही. पश्चिम आफ्रिकेतही गाणं पुष्कळदा असंच चालतं: एकाची हाक, घोळक्याचं उत्तर. म्हणून दूरचा तास झीलकऱ्यासारखा बांधावा, दिंडीसारखा नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो, कारण ती मीही पहिले सहा महिने केली. मी माझ्या बाजूला तबल्याचं ॲप लावायचो आणि पलीकडच्या मुलीला त्यावर गायला सांगायचो. ती बिचारी ठेक्यात गात होती. पण ठेका तिच्याकडे उशिराने जात होता आणि तिचं गाणं परत माझ्याकडे उशिराने येत होतं. माझ्या कानाला ती दर वेळी बेताल ऐकू यायची. मी तिला टोकत राहिलो, ती रडकुंडीला आली. एके दिवशी तिने आपल्याच घरी ठेका लावून गाणं रेकॉर्ड केलं आणि मला पाठवलं. एकही मात्रा इकडची तिकडे नव्हती. तेव्हापासून तानपुरा आणि ठेका नेहमी शिकणाऱ्याच्या बाजूला वाजतो. मग ठेका आणि गळा दोन्ही एकाच पुडक्यात बांधून माझ्याकडे येतात. उशिरा आले तरी एकमेकांशी जुळलेले येतात. याला एक रुपया लागत नाही. आणि ब्लूटूथचा हेडफोन काढून ठेवावा, तो एकटाच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातो.

दुसरी अडचण उशिराची नाही, आवाजाच्या ओळखीची आहे. कॉलची सॉफ्टवेअर माणसाच्या बोलण्यासाठी बनलेली. त्यांना शिकवलेलं असतं की सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा कूलर, तो पुसून टाका. आता तानपुरा काय करतो? सतत एकसारखा वाजतो. सॉफ्टवेअर त्याला कूलर समजतं आणि दोन-तीन सेकंदांत गिळून टाकतं. षड्ज लांबवून धरला तर गायकाचा सूरही मध्येच विरतो. शिवाय हळू आवाज आपोआप मोठा आणि मोठा आवाज लहान केला जातो, त्यामुळे जिथे गळा मुद्दाम हलका केला तिथेही पलीकडे सपाटच ऐकू येतं. म्हणून तास सुरू होण्याआधी हे सगळे 'सुधार' बंद करावेत. झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' अशी सोय आहे. इतर ॲपमध्ये 'नॉइज सप्रेशन' किंवा 'नॉइज कॅन्सलेशन' शोधून बंद करावं.

यात नुसता तंत्राचा मुद्दा नाही. आवाज कुठला आणि गोंगाट कुठला, हे कोण ठरवतं, असा तो प्रश्न आहे. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आपण जवारी लावतो, म्हणजे तार झंकारत, किंचित कुरकुरत वाजावी. झिंबाब्वेत शोना लोकांची म्बिरा असते. लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या, त्या अंगठ्यांनी आणि बोटाने छेडायच्या. त्या फळीवर शिंपले किंवा बाटलीची बुचं लावलेली असतात, ती सतत खुळखुळतात. नव्याने ऐकणाऱ्याला वाटतं वाद्य फुटलंय. पण ती खुळखुळ नसेल तर शोना माणसाच्या लेखी ती म्बिरा अपुरी. २०२० साली युनेस्कोने म्बिरा बनवण्याची आणि वाजवण्याची कला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. मी मुलांना हे सांगतो तेव्हा आधी जवारी लावलेला तानपुरा ऐकवतो आणि मग दोरा काढून ऐकवतो. दोरा काढला की एक मुलगा म्हणाला, "सर, तानपुरा आजारी पडला." म्बिराची बुचं कशासाठी, हे त्याला मग वेगळं समजवावं लागलं नाही.

जागतिक संगीत, म्हणजे 'वर्ल्ड म्युझिक', हे नाव थोडं तपासून घेऊ. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वापरात आणलं. हेतू हा की विद्यार्थ्यांनी फक्त युरोपचं नाही, सगळ्या जगाचं संगीत त्या त्या कलाकारांकडूनच शिकावं. पुढे १९८७ मध्ये लंडनमध्ये रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसली आणि दुकानात या तबकड्या कुठल्या फळीवर मांडायच्या म्हणून त्यांनी हेच नाव उचललं. आज बहुतेकांच्या डोक्यात दुकानवालाच अर्थ आहे. त्या अर्थाने गायिका किशोरीताई आमोणकर आणि घानाचा ढोलकिया एकाच फळीवर येतात, आणि दोघांवरही अन्याय होतो. मला पहिला अर्थ महत्त्वाचा वाटतो.

त्याच सुमाराला, १९६० साली, अमेरिकेतले संगीत-अभ्यासक मँटल हूड यांनी 'द्विसांगीतिकता' ही कल्पना मांडली. दुसऱ्यांच्या संगीताबद्दल नुसतं वाचू नका, ते दुसऱ्या भाषेसारखं बोलायला शिका, असं त्यांचं म्हणणं. मराठवाड्यातल्या मुलाला हे समजायला सोपं जातं. घरात मराठी आणि गल्लीत दखनी बोलणारं पोर मनात भाषांतर करत बसत नाही, थेट दखनीत भांडतं. संगीतात मात्र सुरुवातीला भाषांतर होतंच, आणि शिक्षकाचं खरं काम तिथे असतं.

एक उदाहरण. इथिओपियाच्या 'तिझिता' या स्वररचनेच्या एका प्रकारात पाच सूर येतात: सा रे ग प ध. मी ध्वनिमुद्रण लावलं आणि सातवीतली मुलगी दहा सेकंदांत ओरडली, "सर, हा तर भूपच आहे की!" कान शाबूत असल्याची ही खूण, म्हणून आधी शाबासकी. मग विचारलं, "देशकारचे सूर कोणते?" तेच पाच. "मग देशकार म्हणजे भूप का?" ती गप्प झाली. भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला, चाल वेगळी, वेळ वेगळी. आपल्याच घरात त्याच पाच सुरांचे दोन राग नांदतात, तर इथिओपियातला तिसरा आपला का व्हावा? तिझिता या शब्दाचा अर्थ आठवण, गेलेल्याची हुरहुर. पुढच्या वेळी तिने सरगम न लिहिता नुसतं ऐकलं आणि सूर कुठे टेकतो, कुठे थरथरतो हे टिपलं. (खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा हा माणूस जन्माने इथिओपियाचा. लहानपणी त्याच्या कानावर काय पडलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.)

गामेलानमध्ये भाषांतर आणखी फसतं. जावाच्या या वाद्यमेळात कांस्याच्या घंगाळी आणि पट्ट्या असतात. 'स्लेंद्रो' नावाच्या स्वरव्यवस्थेत सप्तकाचे साधारण सारखे पाच भाग पडतात. आपल्या पेटीचे बारा. बाराला पाचने भाग जात नाही, म्हणून स्लेंद्रोचे सूर पेटीच्या पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडतात. त्यातून प्रत्येक गामेलान संच स्वतःशीच जुळवलेला असतो, एका गावची पट्टी दुसऱ्या गावच्या मेळात बसत नाही. मोबाईलवरचं सूर तपासायचं ॲप इथे सरळ 'बेसूर' म्हणून लाल दिवा दाखवतं. तो दिवा मुलांसमोर लावूच नये. आणि तालाचं वजनही उलटं: आपली सम आवर्तनाच्या तोंडाशी, त्यांचा मोठा घंटानाद आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर. आपण समेवरून निघतो, ते घंटेवर येऊन पोचतात.

आता घानाची घंटा. एवे लोकांच्या वादनात लोखंडाची जोडघंटा असते आणि तिचा एक ठेका सगळ्या मेळाला धरून ठेवतो. बारा सूक्ष्म मात्रा मोजा आणि १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर ठोका द्या. सात ठोके. पाय मात्र १, ४, ७, १० वर, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं मोजल्यासारखा. पाय आणि घंटा फक्त १ वर आणि १० वर भेटतात, बाकी सगळीकडे एकमेकांना हुलकावणी. आमच्या वर्गात जोडघंटा नाही. आम्ही झांजेची एक वाटी काठीने वाजवतो. पहिल्या आठवड्यात फक्त पाय. दुसऱ्यात बोल: मुलांनीच ठोक्यांना 'धा' आणि रिकाम्या जागांना 'ऽ' घेऊन 'धाऽ धाऽ धा धाऽ धाऽ धाऽ धा' असं बांधलं. तिसऱ्यात दोन्ही. हे तिन्ही आठवडे थेट कॉल एकही नाही. परदेशातल्या शिक्षकाने पाठवलेली हळू लयीतली रेकॉर्डिंग, आमच्याकडून परत रेकॉर्डिंग, आणि त्यावर त्यांची आवाजी टिप्पणी.

मला हाच मार्ग आमच्या भागासाठी खरा वाटतो. लाईट कधी जाईल सांगता येत नाही, घरात मोबाईल एकच आणि तो संध्याकाळी वडील शेतातून आल्यावरच मुलाच्या हाती पडतो. ठरल्या वेळेच्या तासाला अशी मुलं गळतात. रेकॉर्डिंग रात्री नऊलाही ऐकता येतं, वीस वेळा ऐकता येतं, अर्ध्या गतीने ऐकता येतं. साध्या दर्जाचा एमपीथ्री मिनिटाला सुमारे एक एमबी घेतो, म्हणजे पाच मिनिटांचा धडा पाच एमबी. पाठवताना एवढंच सांभाळायचं की व्हॉइस नोट करून पाठवू नये, ती बोलण्यासाठी पिळून काढलेली असते. फाइल रेकॉर्ड करावी आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावी, मग आवाज आहे तसा जातो. डग्ग्याचा घुमारा मोबाईलच्या इवल्या स्पीकरमधून निघत नाही, म्हणून ऐकताना तारेचा हेडफोन, साधा असला तरी.

रेकॉर्डिंगची किंमत मराठवाड्याने तरी ओळखावी. देवगिरीला तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी हिशेबाचा कारभार पाहणाऱ्या शारंगदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय. विजयनगरपर्यंत तो पोचला, तिथे कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिली. दूरशिक्षण याहून मोठं कुठलं? पण त्यातले राग प्रत्यक्षात कसे गायले जात, यावर अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही. शब्द पोचले, आवाज पोचला नाही. म्हणून ज्यांनी आवाज साठवला त्यांचे उपकार मानावेत. अमेरिकेत मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये 'फोकवेज' सुरू केली आणि जगभरचं लोकसंगीत छापलं. १९८७ मध्ये ती स्मिथसोनियन संस्थेकडे गेली तेव्हा अट अशी होती की एकही ध्वनिमुद्रण बाद करायचं नाही. विकत घेणारा वर्षाला एक असला तरी ते मिळालं पाहिजे. त्यांच्या संकेतस्थळावर शिक्षकांसाठी तयार पाठही मोफत आहेत.

एक गोष्ट मात्र फाइलीतून येत नाही. म्बिरा शोना लोकांकडे 'बिरा' नावाच्या विधीत पूर्वजांना बोलावण्यासाठी वाजते. आपला गोंधळ लग्नानंतर तुळजाभवानीला आमंत्रण देतो, तसंच काहीसं. उद्या कुणी परदेशी शाळेत संबळाचा ठेका शिकवला आणि देवीचं नाव घेतलंच नाही, तर आपल्या गोंधळ्याला काय वाटेल? तेच त्यांना वाटतं. म्हणून आमचा नियम: वाद्याआधी विचारायचं, हे कुणाचं, कधी वाजतं, कधी वाजवत नाहीत. आणि शिकवणारा शक्यतो त्याच लोकांपैकी असावा, त्याला त्याच्या वेळेचे पैसे मिळावेत. एवढ्यासाठी तरी इंटरनेट मोलाचं आहे. पूर्वी आक्राचा माणूस गंगाखेडच्या मुलांशी बोलणार कसा होता?

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक गोंधळी मामा आले होते. कमरेला संबळ, हातात ती टोकाला वळलेली काठी. मुलांनी हट्ट धरला आणि त्यांच्या कानाला हेडफोन लावून एवेंची घंटा ऐकवली. मामांनी डोळे मिटले, तीन-चार आवर्तनं मान हलवली आणि वाजवायला घेतलं. सातही ठोके जागच्या जागी. पण त्यांची सम आमच्या १ वर पडत नव्हती. त्यांनी आवर्तन १० पासून धरलं होतं, त्यामुळे तीच घंटा एकदम निराळी, गोंधळातल्यासारखी ऐकू यायला लागली. मुलं गोंधळली. "मामा, एक इथं नाही, तिकडं हाय!" मामा वाजवता वाजवताच म्हणाले, "तुमचा तिकडं असंल. मला इथनं निघायला बरं वाटतंय."

बरोबर कोण, हे मी मुलांना सांगितलं नाही. मामांच्या परवानगीने ते दोन मिनिटांचं वादन रेकॉर्ड केलं, कॅमेरा एक चेहऱ्याकडे आणि एक काठ्यांकडे, आणि डॉक्युमेंट म्हणून परदेशातल्या त्या शिक्षकांना पाठवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी आधी विचारलं होतं, हे वाद्य कुणाचं आणि ते कधी वाजतं.